चौथ्या आठवड्याचा पाहुणा

त्याला सगळे कासव म्हणायचे. हे नाव पाडलं होतं पैलवानाने. पैलवान स्वतः काडीपैलवान. फुंकर मारली तर उडेल असा, पण कासव ड्रायव्हर होता त्याच मालवाहतूक कंपनीत सोळा चाकांचा ट्रक हाकायचा. तो म्हणायचा, "घर पाठीवर घेऊन फिरणारा दुसरा प्राणी दाखवा मला." आणि त्यात खोटं काही नव्हतं. कासवाने जवानीपासून पन्नाशीपर्यंतची वर्षं ट्रकच्या केबिनमध्ये काढली होती. सीटच्या मागे फळीएवढा बिछाना, उशाशी चहाची किटली, पायथ्याशी कांदे-बटाट्यांची पिशवी, आरशाच्या दांडीवर वाळत घातलेले मोजे. एक हात लांब केला की मीठ, दुसरा केला की टॉर्च. जागचा न हलता तो दाढी करायचा, अंडी उकडायचा, शर्टाचं तुटलेलं बटण लावायचा.

चार-पाच देशांतून त्याच्या फेऱ्या चालत. कधी फर्निचर, कधी फरशा, कधी नुसत्या रिकाम्या बाटल्या. आठवड्याची मोठी विश्रांती आली की महामार्गालगतच्या मोकळ्या मैदानात शे-दोनशे ट्रकांच्या रांगेत गाडी लावायची आणि आराम करायचा. आराम म्हणजे काय, तर स्टिअरिंगवरून उठून मागच्या फळीवर जायचं.

घरी तो दोन-तीन महिन्यांतून एकदा यायचा. येताना चादरी, चॉकलेटं, लेकीला काहीतरी चमचमतं, बायकोला काहीतरी उबदार. तीन-चार दिवस घर नुसतं भरून जायचं, आणि मग तो निघायचा. भांडायला सवडच मिळायची नाही, त्यामुळे या दोघांसारखा गोडीगुलाबीचा संसार दुसरा नाही असं शेजारी म्हणत. बायको नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायची. लेक सतरा वर्षांची झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत मायलेकींचं छान बस्तान बसलेलं होतं.

आणि मग तो कायदा आला.

मालकाने सगळ्या ड्रायव्हरांना आवारात गोळा केलं. मालक वाईट माणूस नव्हता. स्वतः ट्रक चालवत चालवत त्याने धंदा वाढवला होता, आणि अजूनही कुठल्या गाडीचा कुठला नट ढिला आहे हे तो आवाजावरून सांगायचा. त्या दिवशी मात्र त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता.

"वाचून दाखवतो. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही," तो म्हणाला. "आपल्या आणि आजूबाजूच्या सगळ्या देशांनी मिळून नियम केलाय. एक. आठवड्याची मोठी विश्रांती केबिनमध्ये घ्यायची नाही. धड पलंग आणि न्हाणीघर असलेल्या खोलीत घ्यायची. खर्च कुणाचा? माझा. दोन. निदान चौथ्या आठवड्याला तरी ड्रायव्हरला घरी जाता येईल असं काम आखायचं. आखायचं कुणी? मी. आणि नाही आखलं तर दंड कुणाला?"

"तुम्हाला!" सगळे एका सुरात ओरडले.

"दात काढू नका," मालक म्हणाला. पण मग त्यानेच समजावूनही सांगितलं. काही कंपन्या आपली माणसं महिनोन्‌महिने रस्त्यावरच ठेवत होत्या आणि स्वस्तात माल पोचवून बाजी मारत होत्या. ज्या कंपन्या माणसांना घरी धाडत होत्या त्यांचा माल महाग पडायचा. आता सगळ्यांना एकच माप. "कायदा चांगलाच आहे हो," तो कपाळावर हात मारत म्हणाला, "फक्त तो माझ्या खिशातून चाललाय."

पैलवानाने आनंदाने ट्रकचं बॉनेट ढोलासारखं बडवलं. त्याचं पोरगं नुकतं चालायला लागलं होतं. सगळे पांगल्यावर कासव मात्र मालकापाशी गेला.

"मालक, मला घरी जायचं नसेल तर?"

"मी तुला जाऊ देणार. जायचं की नाही ते तुझं तू ठरव. पण केबिनमध्ये झोपायचं नाही. खोलीत झोपायचं."

"कायद्याला माझ्या झोपेशी काय देणं-घेणं?"

"ते मी त्याला विचारलं नाही बाबा," मालक म्हणाला.

पहिल्या खेपेला त्याने घरी फोन केला तेव्हा बायको पटकन बोलून गेली, "परत? आत्ताच तर येऊन गेलात!" आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, या की. बरंच झालं."

तो आला. दर चार आठवड्यांनी चादरी आणि चॉकलेटं कुठून आणणार? हात हलवतच आला, आणि दारात उभं राहून हातांचं काय करावं ते त्याला सुचेना.

पहिला दिवस बरा गेला. मग एकेक सुरू झालं. त्याला पलंगावर झोप येईना. गादी मऊ, खोली गप्प. वर्षानुवर्षं शेजारच्या ट्रकांची घरघर ऐकत झोपलेला माणूस तो. शांततेने त्याचे कान दुखायला लागले. पहाटे बायको उठून बघायची, तर हा स्वयंपाकघरातल्या खुर्चीत मान टाकून, पाय स्टुलावर ठेवून घोरतोय. दिवसभर डोळे तांबडे आणि डोकं तापलेलं. त्यात हाताला काम नाही. म्हणून त्याने स्वयंपाकघर लावायला घेतलं. सगळं कसं हाताशी असावं, केबिनसारखं.

"मीठ कुठंय?" संध्याकाळी बायकोने विचारलं.

"हाताशी ठेवलंय."

"कुणाच्या हाताशी? माझा हात काय तुमच्याएवढा लांब आहे?" ती स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे डबे उतरवत म्हणाली. "हे घर आहे. ट्रक नाही."

लेक बाहेर निघाली की तो विचारायचा, "कुठं चाललीस?" परत आली की, "कुठं होतीस?" दोन दिवस तिने ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, आपल्या इमारतीला नवा वॉचमन मिळालाय असं वाटायला लागलंय मला." हे ती हसून म्हणाली आणि तोही हसला. पण मनात त्याला ते लागलं.

दुसऱ्या खेपेला गोष्ट क्षुल्लक होती. न्हाणीघरात खुंट्या दोनच. एक आईची, एक लेकीची. त्याने आपला टॉवेल दारावर टाकला, तो घसरून ओल्या फरशीवर पडला, आणि बायकोचा पाय त्यावर पडला.

"हा कुणाचा टॉवेल इथं?" ती आतून ओरडली.

"माझा," तो म्हणाला. "मी राहतो इथं."

"राहता?" ती म्हणाली.

एवढंच. टॉवेल पिळून तिने गॅलरीत वाळत घातला. पण तो एक शब्द पुढच्या सगळ्या फेरीभर त्याच्याबरोबर ट्रकमध्ये बसून होता.

तिसऱ्या खेपेला त्याने मालकाला सांगितलं, यावेळी घरी नाही जात, खोली द्या. आणि बायकोला फोनवर सांगितलं, "मालकाने काम दिलंय, जमणार नाही यायला."

सीमेजवळच्या एका गावात मालकाने खोली घेऊन दिली. दुसऱ्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान. स्वच्छ पलंग, ताणून बसवलेली पांढरी चादर, न्हाणीघरात कागदात गुंडाळलेली साबणाची वडी. कासव पलंगावर आडवा झाला, या कुशीवरून त्या कुशीवर झाला, आणि शेवटी उशी घेऊन खाली उतरला. पलंग आणि भिंत यांच्यात त्याच्या फळीएवढीच जागा होती. तिथे फरशीवर पाठ टेकली आणि त्याला मेल्यासारखी झोप लागली. जाग आली तेव्हा उन्हं वर आली होती. आधी त्याला बरं वाटलं. मग लाज वाटली. परक्या खोलीत, पलंगाच्या फटीत झोप लागते, आणि आपल्या घरात लागत नाही. कसला माणूस आहे मी?

इकडे काय झालं, तर पैलवान आपल्या पोराला खांद्यावर घेऊन बाजारात हिंडत होता आणि त्याला कासवाची बायको भेटली. पैलवानाच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. "वहिनी, कासव का नाही आला हो? मालक सोडत होते. तोच म्हणाला, खोलीतच राहतो."

थोड्या वेळाने कासवाचा फोन वाजला.

"जेवलात?" बायकोने विचारलं.

"हो, आत्ताच."

"मालकाने काम दिलंय ना?"

"हो ना."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला असल्या 'बरं'चा अर्थ लावायला दुभाषी लागत नाही. ती ओरडली असती तर त्याला उलट ओरडून मोकळं होता आलं असतं. तो टायरच्या दुकानाकडे बघत खिडकीत उभा राहिला. मग त्याने पिशवी भरली, किल्ली खाली दिली आणि स्टेशन कुठे आहे ते विचारलं. मोठ्या विश्रांतीतला उरलेला वेळ हातात होता. घरी जाऊन परत ट्रकपाशी पोचायला तो पुरत होता, अगदी जेमतेम.

दुपारी तो आपल्या गल्लीच्या तोंडाशी आला, आणि तिथेच थबकला. आता लेक बाहेर असणार, बायको तलावावर. रिकाम्या घरात जाऊन खुर्चीत बसायची त्याला हिंमत होईना. म्हणून तो तलावाकडे वळला. इतक्या वर्षांत तो तिथे एकदाही गेला नव्हता. ती काम करते हे त्याला ठाऊक होतं, जसं तो ट्रक चालवतो हे तिला ठाऊक होतं. तेवढंच.

दारातल्या माणसाने त्याला बुटांवर चढवायला निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या. आत दमट ऊब, क्लोरीनचा वास, आणि असा घुमणारा कल्ला की त्याला हायवेवरच्या पुलाखाली आल्यासारखं वाटलं. काठावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत तो अंग चोरून बसला. लाल टोपी घातलेली एक बाई छातीएवढ्या पाण्यात उभी होती आणि दहा-बारा म्हाताऱ्या बायकांवर गरजत होती.

"गुडघे वाकवू नका! सायकल चालवायचीय का? पाय लांब! आणखी लांब! अहो, तुम्हालाच सांगतेय, नारळासारख्या हेलकावे काय खाताय?"

म्हाताऱ्या हसत होत्या, पाणी उडवत होत्या, आणि ती सांगेल ते मुकाट्याने करत होत्या. ही बाई आपली बायको आहे हे कळायला कासवाला एक क्षण लागला. घरात तिचा आवाज एवढा मोठा कधी त्याने ऐकला नव्हता. कडेचा गज घट्ट धरून एक म्हातारी थरथरत होती. बायको तिच्यापाशी गेली, आवाज एकदम खाली आणला, कानाशी काहीतरी बोलली. म्हातारीने एक बोट सोडलं. मग दुसरं. मग दोन्ही हात बायकोच्या खांद्यावर टाकले, आणि दोघी हळूहळू गजापासून लांब गेल्या. सगळ्या जणी टाळ्या वाजवायला लागल्या. कासवानेही वाजवल्या, आणि तेवढ्यात बायकोची नजर त्याच्यावर पडली.

ती लगेच आली नाही. शिकवणी संपवली, म्हाताऱ्यांना एकेक करून शिडीवरून वर चढवलं, आणि मग निथळत येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"संपलं मालकाचं काम?"

"काम नव्हतंच. मी खोटं बोललो."

"माहीत आहे मला."

त्याने बुटांवरच्या निळ्या पिशव्यांकडे बघत सांगितलं, "मला घरी झोप लागत नाही. तिथं फरशीवर लागली. तुम्हा दोघींचं सगळं नीट बसलेलं असतं, मी आलो की विस्कटतं. म्हटलं, नको."

"विस्कटतं," ती म्हणाली. "मिठाचा डबा अजून सापडत नाही मला. पण राग त्याचा नाही आला." ती शेजारच्या खुर्चीत बसली. खुर्चीखाली पाण्याचं तळं साचायला लागलं. "वाट बघायची नाही, हे मी स्वतःला शिकवलं होतं. लेक लहान होती तेव्हा रोज खिडकीत जायचे. मग ठरवलं, बास. आले की आले. ते शिकायला मला फार वर्षं लागली. आणि आता कायदा म्हणतो, चौथ्या आठवड्याला माणूस घरी येणार. मी परत दिवस मोजायला लागले हो, या वयात. आणि तुम्ही खोली घेऊन राहिलात."

कासवाने तिचा ओला हात धरला. तो थंडगार होता आणि बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या होत्या.

"चला," ती एकदम उठली. "पाण्यात चला."

"मला पोहता येत नाही."

"म्हणूनच म्हणतेय."

लोक विसरून गेलेल्या वस्तूंच्या पेटीतून तिने त्याच्यासाठी एक चड्डी शोधून आणली. पिवळी, त्यावर हिरवे पोपट. म्हाताऱ्या कपडे बदलून घरी जायच्या सोडून काठावर बसल्या. असला तमाशा फुकटात कोण सोडणार? कासव शिडीवरून उलटा उतरला, ट्रकमधून उतरावा तसा, आणि छातीएवढ्या पाण्यात बांबूसारखा ताठ उभा राहिला.

"पाठीवर झोपायचं," ती म्हणाली. तिचा तळवा त्याच्या पाठीखाली आला. "पाय सोडा. मान सोडा. सोडा म्हणते ना! अरे, सोड की मान! मी धरलंय तुला."

लग्नाआधी ती त्याला अरे-तुरेच करायची. मग तो लांबच्या गाड्यांवर गेला, बोलणं फोनवर आलं, आणि फोनवर बोलता बोलता कधीतरी 'तू'चं 'तुम्ही' झालं. परक्या माणसाशी जपून बोलावं तसं. कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. आता ते 'तू' कानावर पडलं आणि त्याची मान आपसूक सैल पडली. कान पाण्याखाली गेले. कल्ला थांबला आणि नुसती एक लांबवरची घरघर ऐकू यायला लागली, तलावाच्या पंपाची. वर छताचे लोखंडी गज, आणि गजांच्या अलीकडे तिची लाल टोपी.

मग त्याने श्वास घ्यायला तोंड उघडलं, नाकातोंडात पाणी गेलं, आणि तो खोकत, हातपाय झाडत तिच्या गळ्यात पडला. म्हाताऱ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. एक जण ओरडली, "बाई, माझी पहिल्या दिवशी याहून बरी गत होती!" आपण बराच वेळ तरंगलो असं कासव पुढे सगळ्यांना सांगत असे. बायको म्हणे, कसला तरंगतोय, माझाच हात भरून आला होता.

त्या एका दुपारीत सगळं सुतासारखं सरळ झालं असं मात्र नाही. पुढच्या खेपेलाही तो खुर्चीत घोरला. मग बायकोनेच कपाट थोडं सरकवलं, खिडकीशी एक पातळ गादी घातली आणि म्हणाली, "झोप इथं. ट्रकची घरघर हवी असेल तर ती तुला तुझीच ऐकू येईल." तो झोपला. काही दिवसांनी, आपलीही पाठ हल्ली कडक मागते असं म्हणत ती पलंगावरून खाली आली. स्वयंपाकघरावरून चकमकी चालूच राहिल्या. कोथिंबीर देठासकट चिरायची की देठं काढून, यावर ते एकदा दोन दिवस बोलले नाहीत. आता भांडायला पुरेसा वेळ होता.

धंद्याचं म्हणाल तर मालकाने पहिले काही महिने आकांडतांडव केलं. दोन ट्रक विकावे लागले, जुनी गिऱ्हाइकं भाव वाढले म्हणून तुटली. मग त्याने शेजारच्या देशातल्या एका कंपनीशी संधान बांधलं. अर्ध्या वाटेवर ट्रेलर अदलाबदल करायचे, इकडचा ड्रायव्हर इकडे परत, तिकडचा तिकडे. फेऱ्या आखूड झाल्या. ड्रायव्हरांच्या कमाईला थोडी कात्री लागली, आणि काही जण त्यावरून चिडून सोडूनही गेले. पण मालकाच्या बायकोने म्हणे त्याला विचारलं, "आणि तुम्ही हो? तुम्हाला कुठला नियम लागतो का, घरी यायचा?" तेव्हापासून तोही रविवारी फोन उचलेनासा झाला.

लेकीला वॉचमनची सवय व्हायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. ती कासवाशी बोलायची ते तुटकतुटक, कामापुरतं. एकदा तो निघायच्या तयारीत होता, बुटांच्या नाड्या बांधत होता, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, आमचं नाटक बसतंय. प्रयोग कधी ठेवायचा ते ठरवत होते सगळे. मी सांगितलं, आमच्या बाबांच्या आठवड्यात ठेवा."

"ठेवला?" त्याने वर न बघता विचारलं.

"ठेवला. पण माझं काम छोटं आहे हं. तिसऱ्या अंकात येते मी, आणि मरते."

"मरतेस?"

"लगेच नाही. थोडं बोलून मरते."

त्याने बुटाची नाडी पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधली. नाटकाला तो पहिल्या रांगेत बसला होता. लेक मेली तेव्हा तो एवढा रडला की शेजारच्या अनोळखी बाईने त्याला रुमाल दिला.

त्यानंतरच्या फेरीत सीमेच्या अलीकडे तपासणीवाल्यांनी त्याची गाडी बाजूला घेतली. तपासनीस तरुण होता, नवाच वाटत होता, आणि सगळं नियमाप्रमाणे विचारत होता. केबिनमधल्या, गाडी चालल्या-थांबल्याच्या वेळा टिपणाऱ्या यंत्राची नोंद बघून झाल्यावर त्याने विचारलं, "मागची मोठी विश्रांती कुठं घेतली?"

"घरी," कासव म्हणाला.

"केबिनमध्ये नाही ना?"

"छे हो. घरी. लेकीचं नाटक होतं. तिसऱ्या अंकात येते ती. पोरीचा आवाज काय सांगू तुम्हाला, शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत, आईवर गेलीय. ती पोहायला शिकवते. मीही शिकतोय, म्हणजे पाठीवर जमत नाही अजून, पण पोटावर थोडं थोडं जमायला लागलंय. न्हाणीघराचा नळ गळत होता, त्याचा वॉशर बदलला. आणि दुपारी दोघं झोपलो, चांगली उन्हं उतरेपर्यंत..."

"बास, बास," तपासनीस म्हणाला. त्याने इकडेतिकडे बघितलं. मागे ट्रकांची रांग लागली होती. "मी एवढं विचारलं नव्हतं, काका. जा तुम्ही."